पानाला बावीस मिनिटं

नंदकिशोरराव चाकणच्या एका कंपनीत कामाच्या वेळा मोजतात. कोण किती सेकंदांत किती बोल्ट आवळतो ते बघत उभं राहायचं, त्याचाच पगार. आता असल्या माणसाच्या पोटी इतिहासात बीए करणारी मुलगी यावी! पण आली खरी. बारावी होताच अबोलीने हट्ट धरला. चार दिवस घरात धुसफूस झाल्यावर नंदकिशोरराव एका अटीवर कबूल झाले. पहिल्या वर्षी एकही विषय राहता कामा नये. राहिला, तर मुकाट्याने बीबीए.

तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि त्यांतलाच एक पुढे मुख्य करायचा. अबोलीने इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र ठरवले होते. फॉर्मचा शेवटचा दिवस नेमका गुरुवार, कंपनीच्या सुट्टीचा. झालं! थेरगावच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊलाच स्टॉपवॉच बाहेर आलं.

"झेपतील तेच विषय घ्यायचे," ते म्हणाले. "अंदाजपंचे काही नको. प्रत्येकाची पाच पानं वाच, मी वेळ लावतो."

"बाबा, मी काय मशीन आहे का?"

"वाच गं बाई."

मैत्रिणीच्या ताईची पुस्तकं होतीच. भूगोलाला पानामागे सहा मिनिटं लागली, अर्थशास्त्राला चार. आणि इतिहासाला? बावीस! ती पाच पानं संपेपर्यंत आईचा सगळा स्वयंपाक उरकला.

ज्या विषयासाठी पोरगी एवढी भांडली, तोच तिला बुडवणार होता. आज फॉर्मवरून काढला, की पुढच्या वर्षी मागूनही मिळायचा नाही. पण आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"अबोली, इतिहासच झेपत नाहीये तुला," ते हळूच म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "अहो, मी नुसती वाचत कुठे होते? हे बघा, दुष्काळात किती माणसं गेली ते दिलंय. पण ती मोजली कोणी? कशी मोजली? काहीच नाही! मग मी मागची पानं चाळली, तळटिपा बघितल्या. तरी पत्ता नाही."

नंदकिशोररावांनी पुस्तक ओढून घेतलं. खरंच की! असा आकडा कंपनीत कोणी पुढे केला असता, तर त्यांनी तो कागद परत पाठवला असता. पोरीचा त्यांना एकदम अभिमान वाटला.

"बरं, अर्थशास्त्रात काय वाचलंस?"

"ते... मागणी आणि..." पुढे तिला काही आठवेना.

"मग घेतलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याला स्कोप आहे. म्हटलं, एक तरी विषय तुमच्या मनासारखा असू दे."

नंदकिशोररावांना वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. त्यांनी मोबाइलवरचा फॉर्म उघडला, अर्थशास्त्र काढून टाकलं आणि विचारलं, "डोक्याला ताप न देणारा दुसरा कुठला आहे?"

"मराठी. पण बाबा, त्याला स्कोप—"

"बावीस मिनिटं लागतात ना तुला? मग ती मिळायला हवीत. बाकीचे दोन सोपेच घे."

त्यांनी मराठी टाकलं, इतिहास सगळ्यांत वर घेतला आणि फॉर्म पाठवून दिला.

"आणि एखादा विषय राहिलाच तर?" अबोलीने भीत भीत विचारलं. "बीबीए?"

"राहिला तर पुन्हा परीक्षा दे," नंदकिशोरराव म्हणाले. "बीबीएची हौस मला आहे ना? मग मीच करीन."