मल्हारी न्यू

"बत्तीस जीबी म्हंजी किती?" भारतशेठनं विचारलं आणि लाल पेनाचं टोपण दातानं काढलं.

दुकानाचे कंपुटर सांभाळणारा मल्हारी कोळेकर सर्व्हरच्या सामानाची यादी घेऊन, या प्रश्नाची तयारी करूनच आला होता. शेठचा धंदा पशुखाद्याचा. शहागंजात मोठं दुकान. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नडला शाखा. तेव्हा शेठला काही समजलंच तर ते गोठ्याच्या वाटेनं समजणार, हे मल्हारीला पक्कं ठाऊक होतं.

"शेठ, रॅम म्हंजी गव्हाण समजा. गव्हाण लांब असली की समद्या म्हशी एकाच टायमाला खात्यात. आखूड असली की एक खाती आन् चार बघत उभ्या."

"मग ऱ्हाऊ दे उभ्या. मरत्यात का काय?" शेठनं बत्तीसवर काट मारून आठ लिहिले. "फुडं."

"दोन डिस्का. एक बिघडली तर दुसरीत समदं शाबूत."

"जुळं कशाला? एकच आण."

"एसी."

"तुला का सर्व्हरला?"

"सर्व्हरला, शेठ."

"मी सोता पंख्याखाली बसतो. आन् हे शेवटचं काय? समद्या मशीनची येळ एक ठेवायची यवस्था?"

"शाखाशाखांच्या कंपुटरची घड्याळं एकसारखी..."

"ते भिंतीवरलं घड्याळ काढून घिऊन जा. कालच सेल बदललाय."

मल्हारी हसला. शेठच्या विनोदाला हसणं हाही त्याच्या कामाचाच भाग होता.

खरं तर महिनाभर तो या कागदावर बसला होता. पाची ठिकाणचा माल, गिऱ्हाईक, नोकर, सगळी माहिती आता जुळवून ठेवणार होतं एक नवं सॉफ्टवेअर. एका शाखेत बदल केला की तो बाकीच्या चार ठिकाणी आपोआप जाणार. पुण्याच्या कंपनीची प्रांजली मॅडम म्हणाली होती, तुमचा डेटा आमच्याकडे क्लाउडवर ठेवा, सर्व्हरची कटकटच नको. शेठ म्हणाला, "ढगात? आपल्याकडं ढग येतोच कवा? माझा माल माझ्या छपराखाली पायजे." म्हणून मग सर्व्हर दुकानात, आणि तो केवढा लागेल याचा हिशेब मल्हारीकडं. एका वेळी किती माणसं बसतील, रोज किती बिलं फाटतील, पाच वर्षांनी किती होतील. मुकुंदवाडीत गल्लीतल्या लोकांना तो सांगायचा, "सध्या सर्व्हरचं प्लॅनिंग चालू हाय," आणि हे अशा आवाजात, की नाथसागर धरणाला दुसरी भिंत घालायचं काम त्याच्याकडं आलंय असं वाटावं.

कागद परत देताना शेठ म्हणाला, "दसऱ्याआधी चालू कर. औंदा तुझं नाव घेतो."

मल्हारीनं कागदाची घडी करून वरच्या खिशात घातली. या दुकानाची रीत होती. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली की शेठ एका माणसाचं नाव घ्यायचा. तो माणूस त्या दिवसापासून कायम. चौदा वर्षं मल्हारी इस्त्रीचा शर्ट घालून काट्यासमोर उभा राहिला होता. चौदा वर्षं दुसऱ्याचंच नाव निघालं. एकदा ड्रायव्हरचं, एकदा हमालाचं, एकदा तर शेठाणीच्या भावाचं, जो त्या दिवशी फक्त प्रसादाला आला होता.

सर्व्हर आला. माळ्यावर, सरकी पेंडीच्या पोत्यांशेजारी त्याला जागा मिळाली. आठ जीबीत तो असा घुरघुरायचा की खालच्या मोनालीला, म्हणजे बिलं करणाऱ्या पोरीला वाटायचं वर कुणीतरी झोपलंय. पण चालला. प्रांजलीनं फोनवर एवढंच सांगितलं, "एक लक्षात ठेवा सर, दोन ठिकाणी एकाच गोष्टीची वेगवेगळी नोंद झाली, तर जिची तारीख सगळ्यात पुढची, ती खरी. बाकीची सॉफ्टवेअर स्वतःच पुसतं."

"म्हाईत हाय वो मॅडम," मल्हारी म्हणाला. तिनं 'सर' म्हटल्यावर त्याला सगळंच माहीत असायचं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शेवटची चाचणी घ्यायला तो एसटीनं गंगापूरला गेला. तिथला कारकून सोमनाथ चार महिन्यांपूर्वीच लागलेला. मल्हारीसमोर खुर्चीत बसायलाही लाजायचा. या शाखेच्या कंपुटरच्या आतला छोटा सेल कधीच संपला होता. रात्री बंद केला की सकाळी मशीन दोन हजार दोन साल दाखवायचं आणि सोमनाथ रोज हातानं तारीख टाकायचा. नवा सेल त्यानं तीनदा मागितला होता. मल्हारी दर वेळी म्हणाला होता, "फुडच्या फेरीला आणतो." सेलसारख्या बारक्या गोष्टी त्याच्या लक्षात राहत नसत, मोठ्या प्लॅनिंगच्या माणसाच्या कुठून राहणार? आज तर मोठ्या ऑफिसातून भाऊ येणार म्हणून सोमनाथ सकाळपासून घामाघूम झालेला. त्या गडबडीत त्यानं दोन हजार चोवीसच्या जागी दोन हजार बेचाळीस टाकलं.

ते दोघांनीही पाहिलं नाही.

"चाचणीला काय बदलायचं, भाऊ? एखाद्या पोत्याचं वजन?"

"येड्या, पोतं कोण बघतंय? असा बदल कराय पायजे की समद्या शाखा दचकल्या पायजेत." मल्हारीनं नोकरांची यादी उघडली, स्वतःचं नाव शोधलं. नावापुढं तीनच पर्याय होते. चालू, सोडून गेला, मृत. 'सोडून गेला'वर त्याचं बोट गेलं आणि मागं आलं. शेठचा काय भरवसा? खरंच समजून म्हणेल, बरं झालं. 'मृत'ला मात्र धोका नव्हता. माणूस समोर चालता बोलता दिसत असताना त्यावर कोण विश्वास ठेवणार?

"भाऊ, नका ना. कसंतरीच वाटतंय."

"कंपुटरात मेलं म्हणून कुणी मरतंय व्हय?" आणि मल्हारीनं बटण दाबलं.

मग चहा घेऊन तो स्टँडवर आला. एसटी वाळूजपर्यंत पोचली तेव्हा पैठणचा फोन आला. तिथला जुना माणूस फकिरा.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी मल्हारी."

"मग मेलं कोण?"

"मीच. म्हंजी चाचणी हाय, फकिरानाना."

"आरं, आमी शटर ओढून बसलोय की! हार बी आणलाय. आता ह्या हाराचं काय करू?"

मल्हारीला हसू आलं. चाचणी शंभर टक्के पास झाली होती. प्लॅनिंग म्हणतात ते हे! शहागंजात उतरला तर शेजारच्या दुकानातले सलीमचाचा हातातली कात्री टाकून उभे राहिले. "क्या मियां, तू तो एसटी के अंदरइच गया बोले थे नां!"

"जिंदा हूं, चाचा."

"अच्छा है, अच्छा है. मगर सेठकू बोल जाके. वो तेरी खुर्ची उठाके ले गया."

दुकानात श्रद्धांजलीचं दोन मिनिटं उभं राहणं नुकतंच संपलेलं. मल्हारी पायरीवर थांबला. आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकावं, असा चावट मोह कुणाला होत नाही? सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते.

"मानूस चांगला व्हता," मोनाली म्हणत होती. "फक्त कंपुटरचं बोलायला लागला की आईशप्पथ..."

"आता शांतता व्हईल," एक हमाल म्हणाला.

"बायकूला कळवलं का?" शेठनं विचारलं. "नको. मंग ती इथं यिऊन रडंल, गिऱ्हाइकाचा टाइम हाय. सांजच्याला कळवू."

मल्हारी आत आला. मोनाली किंचाळली. शेठनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं, मल्हारीच्याच गादीवाल्या खुर्चीत बसल्या बसल्याच.

"मेला नायस?"

"नाय शेठ. चाचणी व्हती."

"मंग आमी दोन मिन्टं उगंच उभं ऱ्हायलो?" त्याच्या आवाजात फसवल्या गेलेल्या माणसाची चीड होती.

मल्हारी माळ्यावर गेला, यादी उघडली, 'मृत' काढून 'चालू' केलं. सर्व्हर घुरघुरला. पंख्याचं एक पातं फिरेपर्यंत परत 'मृत'. पुन्हा 'चालू'. पुन्हा 'मृत'. त्यानं मशीन बंद करून चालू केलं, देवाचं नाव घेतलं, मग जोरात बटण दाबलं. सर्व्हरला त्याचा जोर कळला नाही.

प्रांजलीनं फोनवर पाच मिनिटांत दुखणं काढलं. "सर, तुमच्या मृत्यूची नोंद दोन हजार बेचाळीसची आहे. आज तुम्ही काहीही केलं तरी ते अठरा वर्षं जुनं धरलं जाणार. जुना बॅकअप आहे का?"

"दुसरी डिस्कच शेठनं काटली."

"मग सोपं आहे. त्याच मशीनवर पाच मिनिटं तारीख बेचाळीसच्या पुढं करा, तुमची नोंद 'चालू' करा आणि तारीख परत मागं आणा."

पाच मिनिटं! मल्हारी जिना उड्या मारत उतरला. पण खाली वेगळंच चाललं होतं. गंगापूरच्या त्याच मशीननं सकाळपासून पोत्यांवरच्या चिठ्ठ्या छापल्या होत्या, आणि प्रत्येक पोत्यावर पेंड तयार झाल्याची तारीख दोन हजार बेचाळीस. एका गवळ्यानं पोत्याशेजारी उभं राहून व्हिडिओ काढला होता. "बगा मंडळी, ही पेंड अजून तयारच झाली नाय, आन् माझ्या म्हशीनं घमेलंभर खाल्ली बी." तो व्हिडिओ शेठच्या व्याह्यापर्यंत पोचला होता.

"शेठ, फकस्त पाच मिन्टं तारीख फुडं करू द्या."

"तारखेला कुणी हात लावायचा नाय."

"शेठ, पाच मिन्टात मी जिता व्हतो."

"आन् त्या पाच मिन्टात एखादं पोतं गेलं म्हंजी? समदा तालुका हसतोय मला." शेठनं लाल पेनाला टोपण लावलं. मग शहाण्या माणसासारखा हळू बोलला. "तू हायस ना जिता? आमाला दिसतोय ना? मग कंपुटरात नसला तर काय बिघडलं?"

बिघडलं ते दसऱ्याला. काट्याला झेंडूचा हार घातला, सर्व्हरलाही कुंकू लावलं. मल्हारीचा शर्ट इस्त्रीचा होता. मोनालीनं कंपुटरातून काढून दिलेली यादी वाचायला शेठनं चष्मा लावला आणि तो घोटाळला.

"मल्हारी, तुझंच घ्यायचं म्हणलं व्हतं. पर आता कायमची यादी ह्या कंपुटरातूनच निघती. मेलेल्याला कायम करायला ते नाय म्हणतंय." लोक हसले. मल्हारीही हसला, सवयीनं. "मंग गंगापूरच्या सोमनाथचं घिऊ. पोरगं मेहनती हाय, आन् त्याला आता तारखेचं महत्त्व कळलंय."

टाळ्या वाजल्या.

"आन् मल्हारीला उपाशी ठिवायचं नाय," शेठ उदार झाला. "नवी नोंद करा त्याची. नवीन भरती."

मोनालीनं नाव टाकलं तर मशीन म्हणालं, या नावाचा माणूस आधीच आहे. मग नव्या दुकानाला लावतात तसं तिनं नावापुढं 'न्यू' लावलं. मल्हारी न्यू कोळेकर, शिकाऊ, आजपासून.

घरी बायको म्हाळसाबाई उंबऱ्यातच आपट्याची पानं घेऊन उभी होती. "झालं का वो औंदा?"

"झालं."

"कायम?"

"नोंद झाली," मल्हारी म्हणाला आणि पाय धुवायला मोरीत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ शहागंजात रुजू झाला. शेठनं पहिलं काम दिलं, नव्या माणसाला सिस्टीम शिकव. सोमनाथनं मल्हारीला शेजारी स्टूल दिलं, स्वतः गादीवाल्या खुर्चीच्या कडेला कसाबसा टेकला. त्याची मान वर होत नव्हती.

"भाऊ, मला लाज वाटती."

"शेठ बघतोय. शिकव."

"हे... हे बटन चालू करायचं."

"बरं."

"इथं आपलं नाव टाकायचं. भाऊ, तुमाला समदं म्हाईत हाय, मी काय..."

"शिकव म्हणलं ना."

सोमनाथनं एकदा शेठकडं पाहिलं. पुढचं तो शेठला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज स्थिर होत गेला. कसं होतं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "आन् शिकाऊ मानसाला यादी फकस्त बघता येती. बदल करायचा नाय. कीबोर्डला हात लावायचा नाय. कळलं?"

"व्हय," मल्हारी म्हणाला.

त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो बघत बसला.