दोन साडूंच्या लेकरांचा रक्तदाब

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत दोन साडू, त्यांची दोन नवजात अर्भके आणि मत्सर नामक विकार यांचे वर्णन मी माझ्या अल्पबुद्धीनुसार करणार आहे. आपण ते शांतचित्ताने वाचावे.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, या रीतीस अनुसरून शांताबाईंच्या दोन्ही कन्या कल्याणला आल्या आणि योगायोगाने एकाच दिवशी, एकाच प्रसूतिगृहात प्रसूत झाल्या. थोरल्या वैशालीस कन्या झाली, धाकट्या प्रियांकेस पुत्र. वैशालीचे यजमान जगन हे वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर कामास आहेत. प्रियांकेचे राजरत्न ठाण्यास सरकारी कचेरीत. सासरी राजरत्न आले की खुर्ची पुसली जाई. जगन आले की, "बसा की तिथंच," एवढेच. हे शल्य जगनच्या अंतःकरणात जुनेच होते.

दुपारी जगनने बाळांच्या खोलीच्या काचेतून पाहिले, तो राजरत्नच्या पुत्राच्या दंडास बोटभर रुंदीचा पट्टा बांधलेला आणि शेजारी यंत्रावर आकडे चमकत असलेले. शांताबाईही तेथेच खिळलेल्या! स्वतःची कन्या मात्र आईच्या कुशीत, साध्या दुपट्यात. जगनचे काळीज जळू लागले.

"सिस्टर, साहेबाच्या पोराला मशीन, आणि आमची काय रस्त्यावर सापडलीय?"

"अहो दादा, ठणठणीत बाळाचं बीपी कुणी मोजत बसत नाही," सिस्टर कल्पिता म्हणाल्या. "दूध पितेय, गुलाबी आहे. अजून काय पाहिजे?"

"तो पट्टा पाहिजे."

सिस्टरने अखेर पट्टा बांधला. निद्रिस्त कन्या टाहो फोडून रडू लागली आणि वरचा आकडा आला ब्याण्णव.

"झोपलेलीला उठवलंत! झालं समाधान?" वैशाली कडाडली.

"हा रडण्याचा आकडा हं, दादा! शांत असती तर पासष्ट-सत्तर आला असता. एवढ्या बाळाचं तेवढंच असतं," सिस्टर सांगत होत्या, परंतु जगन केव्हाच बाहेर, काचेपाशी उभ्या राजरत्नकडे पोहोचले होते.

"काय हो राजरत्न, तुमच्याचं किती?"

"अठ्ठेचाळीस."

"आमचीचं ब्याण्णव!" जगन सासूबाईंस ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले.

शांताबाई वळल्या. "जगनराव, अहो, कमी पडतंय त्याचं, म्हणून लावलंय ते. साठच्या वर जायची वाट बघतायत डॉक्टर."

"भाऊ, तुमची कुशीत तरी आहे," राजरत्न पुटपुटले. "प्रियांकानं अजून पोराला हातातसुद्धा घेतलं नाही."

ज्याचा आपण आजवर हेवा केला तोच आज आपला हेवा करीत आहे, हे ऐकून जगनला क्षणभर गोड वाटले. मग त्यांना स्वतःचीच किळस आली. ते तेथून हलले नाहीत. औषध सुरू होते. त्रेपन्न झाले, पुन्हा पन्नास, मग सत्तावन्न.

"चढ रे बाबा! ब्याण्णवच्या पुढं जा!"

"एवढं नको भाऊ," राजरत्न रडता रडता हसले, "डॉक्टर ओरडतील."

सायंकाळी यंत्राने बासष्ट दाखविले आणि बराच वेळ ते खाली आले नाही. शांताबाईंनी राजरत्नच्या पाठीवरून हात फिरविला. फक्त राजरत्नच्या. जगनने तेही पाहिले, आणि मग ते आत जाऊन निजलेल्या कन्येपाशी बसले.

जगन माझ्या शेजारच्या मशीनवर असतात. त्यांच्या अनुमतीनेच हे लिहिले. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल ऋणी आहे.

आपला,
प्रेम तुकाराम गमरे, ठाणे