शिफ्ट संपायच्या आधी

भोंगेवाल्याचं डोकं त्या अख्ख्या मोसमात ठिकाणावर नव्हतं, आणि असावं तरी का? घरच्या मैदानावर क्लब जिंकला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम; आणि क्लब जिंकेल तर शपथ! थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा वाजला, तेवढाच. त्यानंतर भोंग्याच्या कर्ण्यात चिमण्यांनी संसार थाटला.

"अहो, त्यांची बाळंतपणं तरी नीट होऊ द्या, वाजवू नका इतक्यात," बायको टोमणा मारायची. भोंगेवाला ताटावरून उठायचा.

भोंगा मूळचा दोरखंडाच्या कारखान्याचा. शिफ्ट संपली, भोंगा झाला की कामगार बॉयलरमागच्या मोकळ्या जागेत, राखेत, फुटबॉल खेळायचे. तोच हा क्लब. पुढे कारखान्याला टाळं लागलं, क्लबला बडा मालक मिळाला, खेळाडूंना पगार आणि गाड्या मिळाल्या. जुन्यातलं दोनच उरलं: भोंगा आणि भोंगेवाल्याचे वडील, आबा. आबा म्हणजे क्लबचा पहिला गोलकीपर. वय अठ्ठ्याऐंशी. घर प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागेच, रस्ता ओलांडला की आलं. पण हृदय नाजूक, म्हणून डॉक्टरांनी मॅच बघायला आणि ऐकायलाही बंदी घातलेली. मॅचच्या दिवशी आबा खिडकी उघडून कान लावून बसायचे. भोंगा वाजला तर जिंकलो, नाही वाजला तर नाही.

"आजही नाही का रे?" ते संध्याकाळी विचारायचे. जसा काही मुलगाच मुद्दाम वाजवत नव्हता.

मोसमाची शेवटची मॅच आली. अठरा क्लबांच्या तक्त्यात आपला पंधरावा. शेवटचे तिघे खालच्या लीगमध्ये जाणार, आणि सोळावा क्लब एकाच गुणाने मागे. मॅच नेमकी त्याच्याशीच! बरोबरी झाली तरी वाचलो, हरलो तर मेलो.

"खाली गेलो तर परत वर आलेलं मी काही बघत नाही," सकाळी आबा म्हणाले. "एकदा वाजव रे बाबा."

"मला काय सांगताय? त्या अकरा धोंड्यांना सांगा ना!" भोंगेवाला खेकसला. मग स्वतःचाच राग येऊन भोंग्याची चावी खिशात कोंबून निघाला.

मॅच कसली, नुसता वैताग. आपले खेळाडू चेंडू मागे देतायत, आडवा देतायत, पुन्हा मागे देतायत. भोंगेवाला स्टँडच्या छपराखालच्या आपल्या खोपटात एकटाच शिव्या घालत होता. भोंग्याच्या पेटीचं कुलूप त्याने केव्हाच काढून ठेवलं होतं. शून्य-शून्य. दोन-चार मिनिटं उरली असतील नसतील, तोच डावीकडून उंच चेंडू आला, कुणाचं तरी डोकं लागलं आणि जाळं हललं.

झालं! साऱ्या मोसमाची चीड त्याच्या हातात उतरली. त्याने खटका खाली ओढला. चिमण्या भुर्रकन उडाल्या आणि भोंगा असा काही कोकलला की खोपटाचे पत्रे थरथरले. खेळाडू स्टँडकडे धावले. गोलकीपरसुद्धा जागा सोडून त्यांच्यात घुसला. भोंगेवाला ढसाढसा रडत होता, आणि खटका काही सोडत नव्हता.

बाजूच्या पंचाचा झेंडा केव्हाचा वर होता. ऑफसाइड! रेफ्रीने शिटी फुंकली होती, पण त्या बोंबेत ऐकणार कोण? समोरच्यांनी मात्र झेंडा पाहिला. फ्री किक झटकन मारली, त्यांचा एक गडी एकटाच पळत गेला आणि रिकाम्या गोलात चेंडू चालत नेऊन ठेवला. आपल्या कॅप्टनने रेफ्रीपुढे आदळआपट केली. उपयोग शून्य. एक-शून्य, आणि लगेच शेवटची शिटी.

मग सगळं स्टेडियम मान वर करून खोपटाकडे बघायला लागलं.

तो मागच्या जिन्याने घरी आला. दारात बायको उभी होती, तिला कळलं होतं. टोमणा न मारता ती बाजूला झाली. आत आबा खिडकीजवळच्या खाटेवर, गळ्यात क्लबचा जुना मफलर.

"ऐकलं रे, ऐकलं! कितीने?"

खोटं बोलावं, असं त्याला फार वाटलं. पण उद्या शेजारी येतीलच.

"हरलो आबा. गेलो खाली. गोल झाला असं वाटलं, मी वाजवला, पोरं गाफील राहिली. मी बुडवलं." आणि मग साचलेलं सगळं बाहेर पडलं. "सारखं आज वाजव, आज वाजव! डोकं फिरवलंत माझं तुम्ही!"

आबांनी गळ्यातला मफलर काढला.

"गाढवा," ते म्हणाले, "भोंगा शिफ्ट संपल्यावर वाजवायचा असतो. काम चालू असताना नाही. चावी आण इकडे."

साठीला टेकलेल्या मुलाने मुकाट्याने चावी त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी ती उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"वर आलो की माग," ते म्हणाले.