रिकामी मशीन

सूनबाईचा हात शिवणकामात बसलेला, यात वादच नाही. पण गेला आठवडाभर ती दुपारी मशीनवर बसून काय करत होती, ते कुणाला कळलं असतं तर शोभाच झाली असती. ती वाचत होती. आणि वाचत होती ते तरी काय? एका हलकट बाईची कादंबरी!

बाई म्हणजे अगदी नग. आजारी मावशीकडे सेवा करायला म्हणून राहायची, पाहुण्यांसमोर डोळ्यांना रुमाल लावायची आणि पाहुण्यांची पाठ वळली की मावशीचा चष्मा उंच फळीवर लपवायची. का? तर म्हातारीला मृत्युपत्र वाचता येऊ नये म्हणून. सूनबाईला तिचा राग यायला हवा होता. पण छे! एकेक डाव वाचताना तिला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. "काय कार्टी आहेस गं तू!" असं पुटपुटत ती पान उलटायची.

ती स्वतः गुणी. लग्न झाल्यापासून गुणीच. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकट्याने उठायची बंदी होती. त्यांचं चहापाणी, गोळ्या, हात धरून बाथरूमपर्यंत नेणं, सगळं हिच्याकडे. येणारा-जाणारा तिचं कौतुक करायचा, आणि त्या कौतुकाचा तिला कधीकधी असा वीट यायचा की काही विचारू नका. कादंबरीतली बाई कुणासाठीच गुणी नव्हती. मजा होती ती त्यातच.

पण घरात आजारी माणूस, वर पडद्यांची ऑर्डर अंगावर, आणि आपण पुस्तक घेऊन बसायचं? लाज वाटायची. म्हणून तिने शक्कल काढली. मशीन पायाने चालवायची होती. चाकाचा स्क्रू सैल केला की सुई जागची हलत नाही, खडखड मात्र होत राहते. मग पाय खाली चालू आणि पुस्तक मांडीवर. पलीकडच्या खोलीत नानांना वाटायचं, पोर बिचारी राब राब राबतेय.

त्या दुपारी हलकट बाईने कहरच केला. मावशीची फुलदाणी स्वतः फोडली आणि आळ घातला मोलकरणीवर. मोलकरीण निमूट ऐकून घेतेय आणि ही शेजारी उभी राहून हळहळतेय! सूनबाईला हसू आवरेना. तेवढ्यात पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं.

नाना बाथरूमच्या दारात पडले होते. गुडघा वाचला, पण मनगट मोडलं.

प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं, तेव्हा नवऱ्याचा पारा चढलेलाच होता. "नाना, एक हाक मारायला काय होत होतं तुम्हाला?"

"मशीन चालू होती रे," नाना म्हणाले. "तिचं काम खोळंबलं असतं."

"खड्ड्यात गेलं काम! तुमचा हट्टीपणाच नडतो दरवेळी."

नाना मान खाली घालून ऐकत राहिले. सूनबाई दाराशी उभी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसणं किती सोपं होतं! तिला कुणी काही विचारतही नव्हतं. पडदे अर्धेच झालेत हे उद्या लक्षात आलं असतं, तर 'नानांच्या गडबडीत राहिले' म्हणता आलं असतं. हे उत्तर इतकं आयतं सुचलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"अहो, त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "मी शिवत नव्हते. कादंबरी वाचत होते. मशीन नुसतीच चालवत होते, रिकामी."

"रिकामी?" नवऱ्याला काही कळेना. "कशासाठी?"

"तुम्हा सगळ्यांना वाटावं, मी कामात आहे."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. नाना मात्र तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर परवडलं असतं.

"आजच, की रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, नाना. आठवडाभर."

"मी रोज थांबत होतो गं," नाना हळूच म्हणाले. "तहान लागली तरी पडून राहायचो. म्हटलं, मशीन थांबली की हाक मारू."

सूनबाईला रडू फुटलं. पुस्तक रंगलं की मशीन थांबायचीच नाही, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?