मंडळीपुढे नव्हे

ज्योतिबाने आईला आत बसवले, बाहेरून कडी घातली आणि विळा कमरेला खोचून तो रानाकडे निघाला. आतून दारावर थापा पडू लागल्या.

"दार उघडा वं कुणीतरी!"

धाकटा आकाराम मुकाट्याने भावामागून चालत राहिला.

लढाई संपून आकाराम पलटणीतून आटपाडीजवळच्या या वस्तीवर परतला, तेव्हापासून हेच चालले होते. आईला काही आठवेनासे झाले होते. पोटची पोरेही तिला ओळखू येत नव्हती. आकाराम तोंडाने 'व्हय दादा' म्हणे, त्याच्याच ताटात जेवे आणि मनात त्याला शिव्या घाली. चर्चमध्ये प्रार्थनेला ज्योतिबाच पुढे उभा राहून गायचा. येत्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे त्याची अब्रू काढायची, हे आकारामने ठरवून टाकले होते.

रविवारी पाळकांनी शास्त्र उघडले. भावाविषयी पोटात वैर ठेवू नये. तो चुकला तर त्याला एकट्याला गाठून, मायेने सांगावे, असा अर्थ त्यांनी समजावला. शेवटचे गाणे संपले. आकाराम अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला.

घरी परतताना ओढ्यात त्याने भावाला थांबवले.

"दादा, आईला कोंडून ठिवतोस, ते बरं न्हाई."

"दोनदा हिरीच्या काठावर घावली ती. मी रान बघू का तिला राखू?"

"मी राखतो की. न्हाईतर रानात संगं नेऊ."

ज्योतिबाने पायाने वाळू उकरली.

"आल्यापास्नं तुज्या मनात ह्येच व्हतं?"

"व्हय."

"आन् माज्या ताटात जेवत व्हतास?"



"तुजा लय राग केला, दादा. तुला हातभार लावावा, ह्ये काय डोक्यात आलं न्हाई."

ज्योतिबा झपाझप पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ज्योतिबाच आईचा हात धरून अंगणात उभा होता. तिघे रानात गेले. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली भाकरी सोडली, तेव्हा आई दोघांकडे आळीपाळीने बघू लागली.

"तुमी दोगं भाऊ का रं?"

कांद्यावर उगारलेली ज्योतिबाची मूठ तशीच राहिली. त्याने आकारामकडे पाहिले.

"व्हय, आई," आकाराम म्हणाला. "ह्यो थोरला."

ज्योतिबाने कांदा फोडला आणि अर्धा आकारामच्या भाकरीवर ठेवला.