पायरीवरून परतलेली नवसाबाई

पंचवटीतल्या भाजीबाजारात लंकाबाईचा शब्द चालायचा. मखमलाबादहून रोज मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येणारी ही बाई बावीस वर्षं एकाच जागेवर बसत होती. कुणी कुठं बसायचं, भांडण कसं मिटवायचं, पालिकेच्या साहेबांपुढे कोणी बोलायचं, सारं तीच ठरवायची. म्हणून पालिकेच्या दवाखान्यातल्या तेजस्विनी सिस्टरनी स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीला बायकांना आणायला बाजारातून एक ‘आरोग्यसखी’ निवडली आणि ती शेजारची फुलवाली कुसाबाई निघाली, तेव्हा लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

कुसाबाईला बाजारात येऊन पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. त्यातही मध्ये वर्षभर ती दिसलीच नाही. माहेरी गेली होती म्हणे. आणि आता तिच्या गळ्यात पालिकेचं ओळखपत्र! सिस्टर आल्या की आधी तिच्याच टोपलीपाशी थांबायच्या. एकदा तर पेपरात तिचा फोटो आला. मिरचीवालीनं तो लंकाबाईला मुद्दाम आणून दाखवला.

“चांगला आलाय,” लंकाबाई म्हणाली आणि हातातली जुडी इतकी आवळली की काड्या मोडल्या.

त्या दिवसापासून ती बायकांच्या कानाशी लागली. “पुरुष डॉक्टर असतो बरं का. कपडे काढायला लावतो. अन् नाव लिहून घेतात, मग घरी कागद येतो. पोरींची लग्नं व्हायचीत आपल्या!”

यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तपासणीच्या दिवशी, नावं दिलेल्या चाळीस बायकांपैकी सहा आल्या. कुसाबाईचा उतरलेला चेहरा पाहून लंकाबाईला बरं वाटलं. पण हेव्याचं पोट कधी भरतं का? दुसऱ्या सकाळी कुसाबाई पुन्हा हसतमुखानं हार ओवताना दिसली आणि लंकाबाईची जळजळ पुन्हा सुरू झाली.

चार दिवसांनी, दुपारी बाजार थंडावल्यावर, कुसाबाई तिच्याजवळ येऊन बसली.

“लंकाबाई, भांडायला नाय आले. नवसाबाईचं काम हाय.”

नवसाबाई म्हणजे कांदे-लसूणवाली. लंकाबाईच्याच गावची, पंधरा वर्षं एकाच रिक्षातून तिच्यासोबत येणारी.

“काय झालं तिला?”

“छातीत गाठ हाय. दोन महिने झाले. परवा दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली अन् मागं फिरली. का फिरली, ते तुम्हाला ठाऊक हाय.”

लंकाबाईला ते ठाऊक होतंच. तरी ती फणकारली, “मग तू ने की! मोठी सखी ना तू? तुला निवडलंय!”

कुसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मला का निवडलं, माहितीय? माझी डावी बाजू काढलीय. ते वर्षभर मी माहेरी नव्हते, दवाखान्यात होते. गाठ दुखत नव्हती, सांगायला लाज वाटायची. आठ महिने लपवली. लवकर दाखवली असती तर एवढं भोगावं लागलं नसतं. हा मान पाहिजे ना तुम्हाला? घ्या, आत्ता घ्या. पर नवसाबाईला घेऊन चला. ती माझं ऐकत नाय, तुमचं ऐकते.”

अरेरे! कशाचा हेवा करत होतो आपण! लंकाबाईला मान वर करवेना.

“पुरुष डॉक्टर नसतो?” तिनं हळूच विचारलं.

“नाय. बाईच तपासते, पडद्याआड. पाच मिनिटं. अन् समद्याच गाठी वाईट नसतात.”

लंकाबाई उठली. पाटीवर ओलं पोतं टाकून तडक नवसाबाईपुढे उभी राहिली. “ऊठ. मी लय खोटं बोलले. मला कायबी माहीत नव्हतं.”

“अगं पण...”

“पण नाय नि बिण नाय. आधी मी तपासून घेते. मग तू.”

लंकाबाईची तपासणी ठीक निघाली. नवसाबाईची गाठ मात्र वाईट होती. पण लहान होती, वेळेत सापडली. तेजस्विनी सिस्टर तिला स्वतः मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली आणि काही महिन्यांनी नवसाबाई पुन्हा कांद्यांच्या ढिगापाशी बसली.

त्याआधीच लंकाबाईनं दवाखान्यात जाऊन डॉक्टर मॅडमना सुनावलं होतं, “सकाळी दहाला आमचं गिऱ्हाईक असतं. तेव्हा कोण येईल? दुपारी दोनला ठेवा, बाजाराजवळ ठेवा. अन् बाईच तपासणार, नाव कुणाला सांगणार नाय, हे भोंग्यावरून वरडून सांगा.” मॅडमनी वरिष्ठांना पटवलं. पुढच्या तपासणीला बाजारालगतच्या पालिकेच्या सभागृहात ऐंशी बायका आल्या.

हेवा काही एका दिवसात जात नाही. सिस्टर कुसाबाईपाशी आधी थांबल्या की लंकाबाईला अजूनही टोचतं. पण आता ती तोंड उघडते ते कुणाला तपासणीला धाडण्यासाठीच.

नागरिकहो, बाईची वेळ, तिची लाज, तिची भीती ओळखून पालिकेनं तपासणी तिच्याजवळ न्यावी, आणि गाठ सापडली तर पुढंही तिची सोबत करावी. आपलं कामही सोपं नाही. दुसऱ्याचा मान डोळ्यांत सलतो, तो सलू द्या. पण आपल्या जळफळाटापायी कुणा बाईला उपचाराच्या वाटेवरून मागं फिरवू नका!