भावोजींच्या कॉम्प्युटरला दुसरा प्रोसेसर

खटपट्याला गप्प बसवत नाही, ही त्याची जुनी खोड. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वय पन्नास, तरी एखादं यंत्र सुरळीत चाललेलं दिसलं की याच्या हातांना खाज सुटलीच म्हणून समजा. पण या वेळी खाज नव्हती हो, माया होती.

त्याच्या भावोजींचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, त्याला सहा वर्षं झाली. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर एका कंपनीने त्यांचं बोलणं टिपून घेतलं आणि त्यावरून प्रोग्रॅम बनवून दिला. भावोजी टाइप करायचे, कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलायचा. फक्त यंत्र म्हातारं. वाक्य बाहेर पडेपर्यंत गप्पा कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. हल्ली ते टाइप करायचंच टाळायला लागले होते, आणि ताईचा जीव तुटायचा.

बोर्डवर दुसऱ्या प्रोसेसरची जागा पहिल्यापासून रिकामी होती. खटपट्याने दोन महिने भंगारवाले पालथे घालून पहिल्याचा जुळा भाऊ शोधून काढला. गिऱ्हाइकांना तो दरडावून सांगतो, आधी डिस्कची कॉपी, मग स्क्रूड्रायव्हर. स्वतःच्या बहिणीकडे मात्र म्हणाला, अर्ध्या तासाचं तर काम. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्रोसेसर बसला. सिस्टीमला दोन्ही दिसले. भावोजींनी त्याची पाठ थोपटली. मग प्रोग्रॅम उघडला आणि पडद्यावर ओळ आली: हे यंत्र नोंदलेलं नाही, परवाना रद्द. कोणी चोरून कॉपी करू नये म्हणून कंपनीने आत कुलूप घातलं होतं, आणि त्या शहाण्या कुलपाने दोन प्रोसेसर मोजून घरचंच यंत्र परकं ठरवलं.

दुसरा प्रोसेसर काढला. तीच ओळ. परवाना पुसला गेला तो गेलाच. कंपनीला फोन लावला, तर तो गाद्यांच्या दुकानात लागला. दुकानदार बिचारा भला माणूस, म्हणाला, ती कंपनी केव्हाच बंद पडली, तिचे फोन अजून आम्हालाच येतात.

आवाजाची फाइल डिस्कवर जशीच्या तशी होती, उघडत तेवढी नव्हती. संध्याकाळपर्यंत खटपट्याने सगळे उपाय केले आणि शेवटी हात टेकले.

"भावोजी, मी तुमचा आवाज घालवला," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

भावोजींनी कीबोर्ड जवळ ओढला. कोऱ्या पानावर मुकाट अक्षरं उमटली: तिला आज सांगू नकोस.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "झालं का रे? मग ह्यांना म्हणावं, एकदा मला हाक मारा."

ताईने आतला नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.